कारण खाटेवर होतं

नोकरीच्या मुलाखतीत बाकी सगळं ते कागदावर वाचून घेतात आणि एकच गोष्ट खास तोंडाने विचारतात: आधीची नोकरी का सोडली? मला या प्रश्नाची मनापासून चीड आहे. मुलगी पसंत पडल्यावर हळूच 'आधी कुठे जुळून मोडलं होतं का?' असं विचारतात ना, तशातलाच हा प्रकार. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, खोट हवी असते. आणि आमच्या लाखांदूरकडच्या गावात तर साहेबाच्या आधी अख्खं गावच मुलाखत घेतं. मी नागपूरहून बॅगा घेऊन एसटीतून उतरले, त्या दिवशी थांब्यापासून घरापर्यंत जो भेटला त्याने विचारलं, "काहून वं, सोडली काय नोकरी?" दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर विचारलं. तिसऱ्या दिवशी मी चक्कीवर जाणंच बंद केलं.

नागपूरला मी एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणायचे. त्यावर बाबा म्हणायचे, "हात हलका हाये, पन जीभ लय जड हाये पोरीची." ते खरं होतं. लॅबमध्ये माझं सगळ्यांशी एकदा तरी वाजलेलं होतं आणि सगळ्यांशी नंतर जमलेलंही होतं. दोघी मैत्रिणींत मिळून एक खोली होती, डबा होता, रविवारी झोप होती. बरं चाललं होतं.

मग एका सकाळी बाबा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता धानाच्या बांधीत पडले. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं अर्धंअधिक गेलं. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला, मग डॉक्टर म्हणाले आता घरी न्या, जे काही सुधारेल ते हळूहळू घरीच सुधारेल. घरी आई एकटी. ती काडीसारखी आणि बाबा उंचेपुरे. त्यांना कुशीवर वळवायचं म्हटलं तरी दोन माणसं लागत, आणि वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. मी रजा मागितली. साहेबांनी दिली. आणखी मागितली, तीही दिली. तिसऱ्यांदा म्हणाले, मॅडम, एक तर या, नाहीतर राजीनामा द्या. त्यांचं चूक नव्हतं. सकाळी रिकाम्या पोटी येऊन बसलेला माणूस माझ्या घरच्या अडचणीसाठी थांबणार नाही. मी राजीनामा दिला.

आणि घरी येऊन बाबांना सांगितलं की लॅबमध्ये नवीन मशीन आलं, माणसं कमी केली, त्यात मीही गेले.

असं का सांगितलं, ते बाबांना ओळखणाऱ्याला सांगावं लागणार नाही. मला नागपूरला शिकायला त्यांनीच पाठवलं होतं. भावकी म्हणत होती, पोरीच्या जातीले एवढं शिकवून काय करता, आणि बाबा एकेकाला वाटेला लावत होते. लकव्यानंतर त्यांच्या तोंडून कळण्यासारखे पहिले शब्द निघाले ते "ड्यूटीवर जा" हे. त्यांच्यापायी मी घरी बसले हे कळलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. मी वाढवून सांगत नाही. याहून लहान कारणांवरून त्यांनी सोडलेलं आम्ही पाहिलं होतं. आईला मी शपथ घातली. ती म्हणाली, "मी कायले सांगू? मले काय हौस हाये?"

बाबांना ते पटलं, असं मला वाटलं. उलट ते माझ्यावरच रागावले. अडखळत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "तोंड... चालवलं असन तू." भेटायला येणाऱ्यांनाही तेच सांगायचे, पोरगी नोकरीवरून काढून आली. झालं, गावभर मी काढून टाकलेली पोरगी. मी गिळलं. माझ्यासारखीला गिळणं किती कठीण, ते माझं मला माहीत.

पण घर काही आईच्या धानावर आणि माझ्या शिलकीवर चालणार नव्हतं, बाबांची औषधंही होती. मी जवळपास काम शोधू लागले. भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात बोलावलं. तिथल्या मॅडमनी तोच प्रश्न विचारला आणि मी खरं ते सांगून टाकलं: वडिलांना लकवा झाला. मॅडमचा चेहरा उतरला, अरेरे म्हणाल्या, पाणी मागवलं. आणि मग म्हणाल्या, "पण मग आता त्यांच्याकडे कोण बघणार? तुम्ही रोज इतक्या लांबून येणार कशा? उद्या त्यांचं पुन्हा काही झालं तर आमच्याकडचंही सोडणारच ना?" मी पाणी पिऊन उठले. येतायेता मैत्रिणीला फोन केला तर ती मलाच ओरडली, घरचं रडगाणं सांगतं का कोणी? सांगायचं, प्रगतीसाठी सोडली.

म्हणून भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवरच्या एका डॉक्टरांकडे मी प्रगतीसाठी सोडली असं सांगितलं. त्यांनी आपल्या खोलीकडे पाहिलं. एक टेबल, एक मायक्रोस्कोप, पातं वाकलेला पंखा. म्हणाले, "इथं तुमची कोणती प्रगती होईल, बाई?" मला हसू आलं. तेही हसले. माणूस चांगला होता. नोकरी दिली नाही.

घरी आले की बाबा विचारत, काय विचारलं, तू काय सांगतलं. मी म्हणे, मशीन आलं म्हणून सांगितलं. ते मान हलवत. माझं सांगणं त्यांना पसंत नसे. आणि एक दिवस त्यांनी ठरवलं की मला शिकवायचं.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते शेतकरी होते, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते नाटकातले प्रॉम्प्टर म्हणून. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या गावात गावातलेच लोक पार्ट करत. मास्तर, किराणावाला, शेतकरी. नेमकी तेव्हाच धानाची कापणी सुरू, तालमीला वेळ कोणाला? अर्धं भाषण पाठ, अर्धं देवाच्या भरवशावर. ते अर्धं बाबा सांभाळत. बाजूच्या पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचे आणि अडलेल्याला वाक्य द्यायचे. पुढे बसलेल्यांना त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. कोणाला त्याचं काही वाटत नसे. आमचे लोक भाषण दोनदा ऐकतात, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोरून. बाबांचा नियम एकच होता: पहिले दोन शब्द द्यायचे, जास्त नाही. पूर्ण वाक्य दिलं तर पार्टवाला पोपट होतो, आणि काहीच दिलं नाही तर खांब होतो. वर्षभर 'मले, तुले' बोलणारा हा माणूस पडद्याआड बसला की पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचा. लहानपणी मला वाटे, बाबांच्या आत दुसरं कोणी राहतं.

तर असे बाबा सपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खाटेवर पडल्या पडल्या मला मुलाखतीचं भाषण शिकवू लागले. "उभी राय. सरळ. खाली पाहू नोको." एवढं बोलायला त्यांना घाम फुटे. कारण सांगताना खाली पाहिलं की लोक समजतात खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग ते मला वाक्य रचून देत: प्रयोगशाळेत नवीन यंत्र आले, त्यामुळे मनुष्यबळ कमी करण्यात आले. 'मनुष्यबळ' हा शब्द त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून निघता निघता सकाळ संपायची. मी समोर उभी राहून, त्यांच्या डोळ्यांत पाहून ते खोटं म्हणून दाखवत असे. आत आई भांडी आपटत असे.

कापणीच्या दिवसांत ओळखीच्या एका नर्सबाईने सांगितलं की नागपूरची एक लॅब लाखांदूरला सेंटर उघडते आहे. सकाळी रक्त घ्यायचं, पेट्या गाडीने नागपूरला पाठवायच्या, दुपारी सुट्टी. लाखांदूर म्हणजे आमच्या गावाहून स्कुटीने जाऊन येण्यासारखं. सकाळी आई बघेल, दुपारपासून मी. आमच्या सगळ्या भागात माझ्यासाठी असं दुसरं काम नव्हतं आणि पुढेही निघणार नव्हतं. आणि गंमत अशी की या एका नोकरीसाठी खरं कारण हेच सगळ्यात चांगलं उत्तर होतं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून नागपूर सोडलं, आणि ते इथे आहेत म्हणूनच लाखांदूर सोडणार नाही. कोणालाही पटलं असतं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती, संध्याकाळी. आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त सपरीच्या एका कोपऱ्यात, आणि बाबांना रस्ता दिसावा म्हणून त्यांची खाट आम्ही नेमकी तिथेच टाकलेली. म्हणून मी शाळेच्या मागे जाऊन बोलायचं ठरवलं होतं, तिथेही रेंज चांगली असते. पण दुपारीच फोन वाजला. आई कापणीला गेलेली, मी बाबांना भरवत होते. पलीकडून एक साहेब म्हणाले, "मॅडम, मी आत्ता मोकळा आहे, घेऊन टाकू. व्हिडिओ चालू करा." मी म्हटलं, सर, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, नंतर जमणार नाही.

बाबांना एकटं टाकून शाळेपर्यंत पळता येत नव्हतं. मी हात पुसले, ओढणी सारखी केली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. समोर फोन आणि फोनच्या वर, खाटेवर, बाबा. काय चाललं आहे ते त्यांना लगेच कळलं. त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. डाव्या हाताने त्यांनी खूण केली, सरळ उभी राहा.

कामाचे प्रश्न मला कठीण गेले नाहीत. लहान मुलाचं रक्त कसं घेता, शीर सापडली नाही तर काय करता. मी म्हटलं, दुसऱ्या हाताला बघते, तिथेही नाही सापडली तर पेशंटला पाणी पाजून जरा बसवते, पण उगाच टोचत राहत नाही. साहेब खूश दिसले. मग म्हणाले, "बरं, नागपूरची नोकरी चांगली होती की तुमची. का सोडली?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. बाबांनी शिकवलेलं म्हटलं तर साहेब समजणार की हिला काढलेलं आहे, आणि नोकरी गेली. खरं सांगितलं तर नोकरी मिळेल, पण ते बाबांच्या तोंडावर सांगावं लागेल, की तुमच्यामुळे, तुमच्याचमुळे. मी फोनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. सगळ्या गावाला पुरून उरणारी माझी जीभ टाळूला चिकटली. साहेब म्हणाले, "हॅलो? आवाज येतोय ना?"

आणि खाटेवरून आवाज आला, "माझ्या वडिलांना..."

स्वच्छ, हळू, घाई नसलेला. लकव्यापासून त्यांच्या तोंडून इतकं सरळ काही निघालं नव्हतं. दोनच शब्द देऊन ते थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले, मी पुढचं उचलायची वाट बघत.

"कोण आहे तिथे?" साहेबांचा आवाज बदलला. "मॅडम, तुम्हाला मागून कोणी उत्तरं सांगतंय का?"

"माझे वडील आहेत, सर," मी म्हणाले. मग खाली न पाहता म्हणाले, "माझ्या वडिलांना लकवा झाला. म्हणून मी नोकरी सोडली." बाबांनी मान डोलावली. त्यानंतर मी लाखांदूरचंही सगळं बोलले, जवळ आहे, सोडणार नाही, पण साहेबांचं लक्ष उडालं होतं. "मुलाखत एकट्याने द्यायची असते, मॅडम," ते म्हणाले. "उद्या पेशंट आला तर कोणती शीर तेही वडीलच सांगतील काय?" स्वतःच्या बोलण्यावर हसले आणि कळवतो म्हणून फोन ठेवला.

मी खाटेपाशी जमिनीवर बसले. "कधीपासून मालूम होतं तुमाले?"

त्यांचं बोलणं पुन्हा आधीसारखं झालं होतं. तुकड्या तुकड्याने म्हणाले, "पयल्याच दिवशी. तुले कोनं काढलं असतं... तं तू त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. एक शिवी नाही देल्ली तू त्या जुन्या सायबाले." मी रडता रडता हसले. म्हटलं, मग लोकांना कायले सांगत होते, काढून आली म्हणून? ते म्हणाले, "तू लपवून राहिली होती. मी काहून उघडं करू?" आणि ते मशीनचं भाषण कायले शिकवलं? ते म्हणाले, "तुले तेच बोलाचं होतं ना."

म्हणजे इतके महिने आम्ही तिघं एका छपराखाली तेच एक खोटं बोलत होतो आणि तिघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. त्या दुपारी मला हलकं वाटलं, हेही खरं सांगते.

लाखांदूरचा फोन आला नाही. बाबा रोज विचारत, "आला काय?" मग कोणीतरी सांगितलं, तिथे दुसरी मुलगी लागली. मी ते बाबांपासून लपवलं नाही, आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीच घालवली."

मी उसळले. त्या साहेबाला, त्याच्या लॅबला, त्याच्या नागपूरला मी इतक्या शिव्या दिल्या की शेजारची काकू सपरीत डोकावली. म्हटलं, ज्याला एवढंही कळत नाही त्याच्याकडे कोण जाते कामाला? बाबांना पटावं म्हणून मी घसा बसेपर्यंत बोलले. पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. स्वतःहून तेवढं वळता येत होतं त्यांना. जे त्यांच्या डोक्यावर येऊ नये म्हणून मी मशीनचं खोटं सांगितलं, ते शेवटी त्यांच्या डोक्यावर बसलंच, आणि दुपटीने. त्यानंतर त्यांनी मला काही शिकवलं नाही. फोन आला काय, हेही विचारलं नाही. त्या वर्षी मंडईला नाटक मंडळाचे लोक त्यांना भेटून गेले, नुसतं पडद्याआड नेऊन बसवतो म्हणाले, बाबांनी डाव्या हाताने नाही म्हटलं.

होळीच्या आधी ते गेले. आई सकाळी चहा घेऊन गेली आणि कप हातात घेऊन तशीच परत आली. तेराव्याला आलेली एक नात्यातली बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटले बिचारे. आता तूबी मोकळी झाली, बाई." मी तिचा हात झटकून उठून गेले. तिचं काही चुकलं नव्हतं, सगळेच तसं म्हणतात. पण मला मोकळं व्हायचं नव्हतं, आणि ते कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

मोहफुलं पडायला लागली होती तेव्हा एक दिवस सपरीत उभी असताना फोन वाजला. लाखांदूरच्या सेंटरचेच साहेब. घेतलेली मुलगी लग्न ठरलं म्हणून सोडून गेली होती. म्हणाले, "तुमचीच ना ती मुलाखत? मागून वडील सांगत होते ती?"

मी हो म्हटलं.

"कशी आहे आता त्यांची तब्येत?"

"गेले, सर."

"अरेरे. सॉरी," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, एवढं मला आवाजावरून कळलं. मग घसा साफ करून हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, आता नोकरी सोडायचं तसं काही कारण राहिलं नाही ना?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. खाटेच्या जागी आईने धानाचं पोतं ठेवलं होतं, मी त्याच्याकडे पाहत होते.

"नाही सर," मी म्हणाले. "आता तसं काही कारण राहिलं नाही."

"मग एक तारखेपासून या," साहेब म्हणाले.

फोन ठेवला आणि मी तिथेच खाली बसून मोठमोठ्याने रडले, बाबा गेले त्या दिवशीही रडले नव्हते तशी. आई आतून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. फोनवरचं माझं 'नाही सर' तिनं ऐकलं होतं, आणि रडणंही. "जाऊ दे वं माय," माझं डोकं पोटाशी धरून ती म्हणाली, "नाही लागली तं नाही लागली. दुसरी भेटन." लागली आहे, हे मला तिला सांगताच येईना.